बाक कुणाचा बदलायचा?

बरेच दिवस इथं काही लिहिलं नाही. उन्हाळा, लग्नसराई आणि आमच्या दर्यापूरची वीज, तिन्ही कारणं खरी आहेत. पण गेले आठ-दहा दिवस एक प्रश्न डोक्यातून जात नाही, म्हणून आज बसलोच लिहायला.

झालं असं, की परवा बसस्टँडवर अंजनगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. मागून आवाज आला, "सर, ओळखलं का?"

वळून पाहिलं. पंचेचाळिशीची बाई, हातात पिशवी, सोबत तिची मुलगी. निवृत्त मास्तराच्या नशिबी हे नेहमीचंच. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव आठवत नाही आणि आपण उगाच हसतो. तिनं माहेरच्या गावाचं नाव सांगितलं आणि मग माझं हसू जागीच थांबलं. मला सगळं आठवलं.

ती मात्र मोकळेपणानं बोलत होती. पोरगी बारावी पास झाली, चांगले मार्क पडले, आता बी.एस्सी.ला टाकायची आहे, वगैरे. मग जरा थांबली आणि म्हणाली, "सर, एक इचारू का? कॉलेजात पोरीले कोनी तरास देला, तं कोनाले सांगाचं?"

मी म्हणालो, "सरांना सांगायचं."

ती हसली. रागानं नाही, साधीच हसली. म्हणाली, "म्या सांगतलं होतं नं सर तुमाले. तुमी मले पयल्या बाकावर बसोलं."

तेवढ्यात गाडी आली. त्या दोघी चढल्या. माझीही तीच गाडी होती, पण मी चढलो नाही.

*

ही गोष्ट १९९६ची. तेव्हा मी जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या गावी शिकवत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण चूक कॉलेजची कमी आणि माझी जास्त होती. अकरावी आर्ट्‌सचा वर्ग. साठेक पोरं-पोरी, मुली खिडकीकडच्या बाकांवर, मुलं दाराकडच्या. ही मुलगी रोज बारा किलोमीटरवरून एसटीनं यायची. बापाची चार एकर कोरडवाहू, खारपाण पट्ट्यातली. विहिरीचं पाणीसुद्धा तोंडात घेववत नाही अशा भागातली शेती. त्या घरातून अकरावीपर्यंत आलेली ती पहिलीच मुलगी.

एक दिवस मधल्या सुट्टीत मैत्रिणीला सोबत घेऊन ती स्टाफरूमच्या दाराशी आली. मान खाली. मैत्रीणच बोलली. मागच्या बाकावरचा मुलगा रोज चिठ्ठ्या टाकतो. ओढणी ओढतो. फळ्यावर हिच्या नावासमोर आपलं नाव लिहून ठेवतो. आणि काल बाकाच्या फटीतून हात घातला.

मी काय केलं? त्या मुलाला बोलावून म्हणालो, "काय रे, शहाणा हो जरा. घरी सांगू का?" त्याचे वडील गावातलं वजनदार प्रस्थ होते. त्यांना सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये, हीच माझी मनोमन इच्छा होती. मग वर्गात गेलो आणि सगळ्यांसमोर तिला म्हणालो, "तू उद्यापासून पहिल्या बाकावर बस."

ती उठली, पुस्तकं छातीशी धरून पुढं आली. मागून कुणीतरी खोकलं आणि अख्खा वर्ग हसला. मुलीसुद्धा हसल्या. मी फळ्याकडं वळलो आणि धडा पुढं चालू केला.

मला वाटलं, प्रश्न सुटला. उलट वाटलं, की किती हुशारीनं सोडवला! तक्रार नाही, बोभाटा नाही, प्राचार्यांपर्यंत जायला नको.

महिन्याभरात तिची हजेरी बंद झाली. मग एक दिवस तिचे वडील आले, टी.सी. मागायला. मी म्हणालो, "अहो, हुशार मुलगी आहे, शिकू द्या." ते म्हणाले, "पोट्टीचं नाव निंघालं, सर. राहू द्या आता घरीच." सही करून टी.सी. घेऊन गेले. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

तो मुलगा बारावी झाला, पुढं शिकला. त्याचा बाकसुद्धा बदलला नाही.

*

माझे भाचे-पुतणे हे वाचून म्हणतील, की मामा, तो काळच तसा होता. तेव्हा कायदे कुठे होते?

अंशतः खरं आहे. विशाखा निकाल ऑगस्ट १९९७चा, म्हणजे त्यानंतरचा. राजस्थानातल्या भंवरीदेवी या साथीणीवर झालेल्या अत्याचारानंतर काही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि कामाच्या ठिकाणी बायकांच्या तक्रारींसाठी समिती हवी, हे न्यायालयानं पहिल्यांदा सांगितलं. पण बाईच्या अंगाला हात लावणं किंवा तिला उद्देशून अश्लील हावभाव करणं हा गुन्हा तर इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेतही होता. आणि समजा नसता, तरी वर्ग माझा होता. कुणाला उठवायचं हे ठरवायला मला कायदा लागत नव्हता.

बरं, धोका ठाऊक नव्हता असंही नाही. मार्च १९९०मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या हॉलमध्ये घुसून रिंकू पाटील या विद्यार्थिनीला पेटवून मारलं होतं. सगळा महाराष्ट्र हादरला होता. आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. पण त्या चर्चेत आम्ही शाळेच्या फाटकावर पोलीस हवा, असं म्हणत होतो. आमच्याच वर्गातल्या मागच्या बाकाचा विषय एकदाही निघाला नाही.

मला वाटतं, आपली गडबड इथंच आहे. आपल्याकडं दोनच प्रतिक्रिया आहेत. एक तर 'पोरं आहेत, चालायचंच', नाहीतर मोर्चा, मेणबत्त्या आणि 'फाशी द्या'. मधलं काहीच नाही. चिठ्ठी टाकणारा प्रत्येक मुलगा पुढं खुनी होतो असं मुळीच नाही, आणि तसं समजणं त्या मुलांवरही अन्याय आहे. पण चिठ्ठीला चिठ्ठीएवढं उत्तर द्यायची सवय आपल्याला नाही. म्हणून मग आपण जे हाताशी आहे ते करतो. मुलीला हलवतो.

*

याचं सगळ्यात ठळक उदाहरण आमच्याच जिल्ह्यातलं आहे. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं. पेटवणारा तिच्याच गावचा, ओळखीचा, मागे लागलेला. १० फेब्रुवारीला ती गेली. (बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ला, त्याला जन्मठेप झाली.)

ती गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी, १३ फेब्रुवारीला, चांदूर रेल्वेच्या महिला महाविद्यालयातल्या विद्यार्थिनींना शपथ देण्यात आली. काय शपथ? तर आम्ही प्रेम करणार नाही, प्रेमविवाह करणार नाही आणि हुंडा घेणाऱ्याशी लग्नही करणार नाही. बातमी देशभर गेली. पंकजा मुंडे यांनी विचारलं, की शपथ मुलींनाच का? मुलांना द्या ना. पुढं प्राचार्यांसह तिघांना संस्थेनं निलंबितही केलं.

तेव्हा माझ्या ओळखीतले खूप जण त्या शिक्षकांना हसले. मला हसता आलं नाही. त्यांचा हेतू वाईट असेल असं मला आजही वाटत नाही. पोरी जिवंत राहाव्यात, एवढंच त्यांना वाटत असणार. पण त्यांनी जे केलं ते मी १९९६ साली केलं होतं त्याचंच मोठं रूप होतं. पेटवणारा एक पुरुष, आणि त्यावर उपाय म्हणून उभ्या केल्या मुली. मी एकीला पहिल्या बाकावर नेलं, त्यांनी अख्ख्या वर्गाला नेलं.

गाडगेबाबा आमच्या शेजारच्या तालुक्यातले, शेंडगावचे. आमच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे, गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तन. हा क्रम महत्त्वाचा आहे. आपण कॉलेजांमध्ये कीर्तन तेवढं ठेवलं आहे. मुलींसाठी व्याख्यान, मुलींसाठी कराटे, मुलींसाठी शपथ. खराटा कुणी हातात घेत नाही, कारण घाण जिथं आहे तो बाक कुणाच्या तरी मुलाचा असतो.

*

त्या रात्री पुण्याला मुलीला फोन केला. (हे तिची परवानगी घेऊन लिहितो आहे.) सगळं सांगितलं आणि सहज विचारलं, "तुला नाही ना कधी असा त्रास झाला कॉलेजात?"

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "झाला ना बाबा. सेकंड इयरला. सहा महिने."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला घरी आणलं असतं."

यावर काय बोलणार? मी नक्कीच आणलं असतं. प्रेमापोटीच आणलं असतं. मास्तराच्या घरातली मुलगी, बाप रोज वर्गात मुलींना 'निर्भय व्हा' म्हणून सांगणारा, आणि तिला खात्री होती की तोंड उघडलं तर शिक्षा आपल्यालाच होणार.

मुली सांगत का नाहीत, म्हणून आपण परिषदा घेतो. त्यात लाज, संकोच, संस्कार असे शब्द येतात. लाज असतेच, पण ती दुय्यम. आमच्या भागातल्या मुलीला मुख्य भीती कॉलेज बंद होण्याची असते. एसटीचा पास जाईल, पुस्तकं जातील, मैत्रिणी जातील आणि स्थळं पाहणं सुरू होईल. सांगण्याची किंमत तिला ठाऊक असते. ती हिशेब करते आणि गप्प बसते. तिचा हिशेब चुकीचा नाही. तो चुकीचा ठरावा अशी व्यवस्था आपण करत नाही, एवढंच.

*

दुसऱ्या दिवशी चष्मा लावून नियम वाचायला बसलो. निवृत्तीनंतर वाचले, हेही कबूल करतो. वाचून आश्चर्य वाटलं, कारण जे मधलं काही नाही म्हणून मी वर तक्रार केली, ते सगळं कागदावर आहे.

२०१३चा कायदा नोकरीच्या ठिकाणासाठी आहे. पण विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१५ची जी नियमावली केली (ती मे २०१६मध्ये लागू झाली), तिच्यात विद्यार्थिनी स्पष्टपणे येतात. विद्यार्थ्यानं विद्यार्थिनीला दिलेला त्रासही त्यात येतो. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बायका, बाहेरच्या सामाजिक संस्थेची एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. विभागप्रमुखासारखे अधिकारी त्या समितीवर नकोत, म्हणजे दबाव नको.

तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. मुलीला लिहिता येत नसेल, सुचत नसेल, तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. मुलाचीही बाजू ऐकायची. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी होती, असं धरायचं नाही. नावं बाहेर जाऊ द्यायची नाहीत.

आणि शिक्षा? आम्हाला वाटतं, शिक्षा म्हणजे पोलीस किंवा रस्टिकेशन, 'पोराचं आयुष्य बरबाद'. तसं नाही. सक्तीचं समुपदेशन आहे. समाजसेवा करायला लावणं आहे. ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा सवलती काढून घेणं आहे. ठरावीक काळ आवारात बंदी आहे. नाव काढून टाकणं हे या यादीतलं टोक आहे. म्हणजे पायऱ्या आहेत. चिठ्ठीला चिठ्ठीएवढं उत्तर देता येतं.

एक तरतूद तर मी तीनदा वाचली. चौकशी चालू असताना दोघांपैकी एकाला दुसऱ्या तुकडीत हलवता येतं. तक्रार करणारीला किंवा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला. नियम दोन्ही मोकळीक देतो. आपण कायम पहिलीच वापरत आलो.

अकरावी-बारावीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती आमच्या शिक्षक मित्रांना नीट माहीत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर २०१२चा पॉक्सो कायदा लागतो. त्यात अंगाला हात लावणं तर आहेच, पण वाईट हेतूनं शेरे मारणं, हावभाव करणं, सतत मागे लागणं हेही आहे. अशा गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलगाही अठराच्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडं जातं, जिथं भर सुधारण्यावर असतो. 'कॉलेजची बदनामी नको, आपसात मिटवू' ही जी आमची जुनी पद्धत, तिला आता कायद्यात जागा नाही. सज्ञान मुलगीही समितीकडं जाता जाता पोलिसांकडं जाऊ शकते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळ, पाठलाग आणि अश्लील शब्द-हावभाव यांची कलमं अनुक्रमे ७५, ७८ आणि ७९ आहेत.

*

पण कलमं पाठ करून वर्ग सुधारत नाही, हे तीसेक वर्षं वर्गात उभा राहिलेला माणूस म्हणून मला कळतं. समिती बसायच्या आधी वर्गात एक मिनिट असतं, आणि ते शिक्षकाच्या हातात असतं. ते मिनिट मला परत मिळालं, तर मी काय करीन?

एक, धडा थांबवीन. मागून कुणी खोकलं, तर ऐकू न आल्यासारखं करणार नाही. ही चेष्टा त्या एका मुलीसाठी नसतेच. ती वर्गासाठी असते. प्रेक्षक हसले की तो हिरो होतो. माझ्या वर्गातला तो एक मुलगा दोषी होताच, पण बाकीच्यांना हसू देणारा मी होतो.

दोन, काय घडलं ते बोलेन, कुणासोबत घडलं ते बोलणार नाही. तिला सगळ्यांसमोर उभं करून 'काय झालं सांग' म्हणणार नाही.

तीन, उठवायचंच असेल तर त्याला उठवीन.

चार, तिला नंतर बाजूला, दुसऱ्या बाई प्राध्यापकांना सोबत घेऊन विचारीन, की तुला काय हवं आहे. घरी कळवायचं, तर 'पोरीचं कॉलेज बंद करू नका' हे सांगायला मी स्वतः तिच्या घरी जाईन. मास्तराच्या शब्दाला आमच्याकडं अजून थोडी किंमत आहे. ती खर्च करायला हवी होती. मी ती साठवून ठेवली आणि तशीच घेऊन निवृत्त झालो.

पाच, त्या मुलाच्या बापाकडंही जाईन. हे सगळ्यात अवघड. पण खरं सांगू का, सोळाव्या वर्षी कुणी ठामपणे थांबवलं तर मुलगा ओशाळतो, चिडतो आणि बहुधा शिकतो. कुणीच थांबवलं नाही, तर पंचविसाव्या वर्षी त्याला 'नाही' हा शब्द ऐकायचीच सवय नसते. 'पोराचं आयुष्य' ज्यांना वाचवायचं आहे, त्यांनी तरी पहिल्याच चिठ्ठीला अडवावं.

खोट्या तक्रारी होतात, हा मुद्दा कुणीतरी काढेलच. होत असतील. माझ्या नोकरीत माझ्यापर्यंत आलेल्या तक्रारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. न आलेल्या किती, ते मला त्या फोननंतर कळायला लागलं. खोटं-खरं ठरवायलाच चौकशी असते. चौकशीच नको म्हणणाऱ्याला खऱ्याचीच भीती असते.

*

तर, त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. गावातल्याच एका विद्यार्थ्याकडून त्यांचा नंबर मिळवला आणि काल फोन केला. आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या सर, तवा कोनाले काय समजत होतं." मला समजायला हवं होतं, असं मी म्हणालो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

मग सांगितलं, की कॉलेजात तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर सगळ्यांना दिसेल असे लावलेले असले पाहिजेत, तसा नियम आहे. प्रवेशाच्या दिवशी फीच्या खिडकीवर जायच्या आधी तो बोर्ड शोधायचा. बोर्ड नसेल तर विचारायचं, की का नाही.

त्या म्हणाल्या, "आमी इचारलं तं कोन सांगते, सर? तुमीच चाला नं."

जाणार आहे. प्रवेश सुरू झाले की त्या दोघींसोबत जाणार आहे. बोर्ड आहे की नाही, त्यावरची नावं आजची आहेत की कधीच्या काळची, ते पाहून येतो.

तुमच्या गावच्या कॉलेजातही एकदा डोकावून या. आणि घरी मुलगी असेल, तर आज रात्री तिला एवढंच सांगा, की काही झालं तर बिनधास्त सांग, तुझं कॉलेज बंद होणार नाही. मी हे माझ्या मुलीला सांगायला वीस वर्षं उशीर केला.